पंख्याच्या विमानातून अटलांटिक पार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेट येण्याआधी, पिस्टन इंजिनांच्या विमानांतून युरोप-अमेरिका प्रवास कसा व्हायचा, याबद्दल जे प्रश्न सारखे येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. थांबे, वेळ, तिकीट, सामान, यातलं जवळपास सगळं दोनच गोष्टींवर ठरायचं: पश्चिमेकडून येणारा वारा आणि टाकीतलं पेट्रोल. त्यामुळे प्रश्न ३ आधी वाचलात तर बाकीचं सोपं जाईल.

१. पंख्याच्या विमानांचा काळ म्हणजे नेमका कधीपासून कधीपर्यंत?

तिकीट काढून कुणीही जाऊ शकेल अशी नियमित सेवा धरली तर २८ जून १९३९ ते ऑक्टोबर १९५८. त्या जूनमध्ये अमेरिकन विमान कंपनी पॅन अ‍ॅमचं 'डिक्सी क्लिपर' हे बोइंग ३१४ जातीचं उडतं जहाज (पाण्यावरून उडणारं विमान) २२ प्रवासी घेऊन न्यूयॉर्कजवळच्या पोर्ट वॉशिंग्टनहून निघालं आणि अझोर्स बेटांवरचं होर्ता आणि लिस्बन करत मार्सेयला पोचलं. ४ ऑक्टोबर १९५८ ला ब्रिटनच्या बीओएसी कंपनीच्या कॉमेट ४ ने आणि २६ ऑक्टोबरला पॅन अ‍ॅमच्या बोइंग ७०७ ने जेटची सेवा सुरू केली.

त्याआधीची उड्डाणं म्हणजे अल्कॉक आणि ब्राउन यांचं १९१९ चं आणि लिंडबर्गचं १९२७ चं. ती धाडसाची होती, प्रवासी सेवा नव्हती. १९३८ च्या ऑगस्टात फोके-वुल्फ कॉन्डोर बर्लिनहून न्यूयॉर्कला न थांबता सुमारे २५ तासांत गेलं, पण त्यातही तिकिटाचे प्रवासी नव्हते. १९५८ नंतर पंख्याची विमानं एकदम गेली असंही नाही. त्यासाठी प्रश्न १९ पाहा.

२. न्यूयॉर्क ते लंडन किती तास लागायचे?

कुठलं साल आणि कुठली दिशा, हे आधी सांगावं लागतं. १९४५ च्या ऑक्टोबरात जमिनीवरून उडणाऱ्या विमानाची पहिली नियमित सेवा सुरू झाली. ते डग्लस कंपनीचं डीसी-४ होतं. न्यूयॉर्कहून गँडर आणि शॅनन करत इंग्लंडमधल्या हर्नला पोचायला थांबे धरून जवळजवळ २४ तास लागले. १९४६ पासून कॉन्स्टेलेशन आलं आणि वेळ बराच उतरला. १९५६ च्या डीसी-७सी ने आणि १९५७ च्या लॉकहीड स्टारलायनरने दोन्ही दिशांना न थांबता जाणं रोजचं केलं: पूर्वेकडे साधारण ११-१२ तास, पश्चिमेकडे १४ किंवा जास्त. स्टारलायनरचं लंडन ते सॅन फ्रान्सिस्को उड्डाण १९५७ च्या ऑक्टोबरात २३ तास १९ मिनिटं हवेत होतं.

३. जाताना आणि येताना वेळेत एवढा फरक का? अंतर तर तेच आहे.

उत्तर अटलांटिकवर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. विमान हवेत उडतं आणि ती हवाच सरकत असते. ढोबळ हिशोब करून बघा. अंतर ५,५५० किलोमीटर, विमानाचा हवेतला वेग ताशी ४५०, वारा ताशी ८०.

पूर्वेकडे जाताना जमिनीवरचा वेग ५३० होतो, म्हणजे साडेदहा तास. पश्चिमेकडे येताना तो ३७० उरतो, म्हणजे १५ तास. वारा नसता तर दोन्हीकडे सव्वाबारा-साडेबारा तास लागले असते.

इथे एक गोष्ट निसटते. जाताना मिळालं तेवढंच येताना गेलं, असं होत नाही. वाऱ्यासह दोन्ही फेऱ्यांचे मिळून साडेपंचवीस तास होतात, वाऱ्याशिवाय पावणेपंचवीसच्या आत. कारण समोरचा वारा जास्त वेळ सोसावा लागतो आणि पाठचा वारा कमी वेळ मिळतो. जेटला हाच ८० चा वारा लागतो, पण त्याचा वेग दुप्पट असल्यामुळे तितका जाणवत नाही. पंख्याच्या विमानासाठी तो प्रवासाचा पाचवा-सहावा हिस्सा होता.

४. प्रत्येक जुन्या प्रवासवर्णनात गँडर आणि शॅनन हीच नावं का येतात?

कारण महासागराच्या दोन्ही काठांवरची ती सगळ्यात जवळची मोठी धावपट्टी. गँडर न्यूफाउंडलंड बेटावर आहे (१९४९ पर्यंत ते कॅनडात नव्हतं), शॅनन आयर्लंडच्या पश्चिम टोकाला. दोघांत सुमारे ३,१७० किलोमीटर. न्यूयॉर्क-लंडनच्या ५,५५० मधला पाण्यावरचा एवढा टप्पा सुखरूप पार पडला की पुढे जमिनीवर थांबत थांबत जाता येतं.

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर उबदार आणि थंड सागरी प्रवाह भेटतात, त्यामुळे तिथलं धुकं कुप्रसिद्ध आहे. गँडर मुद्दाम किनाऱ्यापासून आत बांधलं. तरीही ते बंद झालं तर गूज बे, स्टीफनव्हिल किंवा नोव्हा स्कोशियातलं सिडनी. पलीकडे शॅनन बंद असलं तर स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक. नेहमीच्या वाटेवर वारा फारच वाईट असला तर आइसलँडमधलं केफ्लाविक किंवा दक्षिणेला अझोर्सचं सांता मारिया.

मध्यरात्री इंधनासाठी उतरलेले प्रवासी तास-दीड तास इमारतीत बसून असायचे. शॅननला १९४७ मध्ये जगातलं पहिलं करमुक्त विमानतळ दुकान निघालं ते या रिकाम्या वेळामुळेच. आयरिश कॉफी त्याआधीची आहे. शॅननच्या समोर, नदीच्या पलीकडे असलेल्या फॉइन्स या उडत्या जहाजांच्या तळावर थंडीने गारठलेल्या प्रवाशांसाठी ती बनली.

५. सुरुवातीला पाण्यावरून उडणारी विमानं का वापरली? आणि मग ती एकदम का गेली?

१९३० च्या दशकात एवढं जड विमान पेलेल अशी लांब, पक्की धावपट्टी फार थोड्या ठिकाणी होती. पाण्यावर हवी तेवढी लांब धाव घेता येते. बोइंग ३१४ एकूण बाराच बनली. त्यांचा पंख इतका जाड होता की उडतानाच पंखाच्या आतल्या बोळातून सरपटत इंजिनाच्या मागे जाऊन दुरुस्ती करता यायची.

अडचणी मात्र रोजच्या होत्या. हिवाळ्यात न्यूफाउंडलंडमधल्या बॉटवूड या तळावरचं पाणी गोठायचं. होर्ताला बंदराबाहेर लाटा उठल्या की दिवस दिवस उड्डाण अडायचं. मीठ धातू खायचं, आणि बोटीच्या आकाराच्या पोटामुळे हवेचा विरोध जास्त. युद्धाने गँडरसारख्या पक्क्या धावपट्ट्या जगभर बांधून दिल्या आणि पाण्याची गरज संपली.

१९३९ च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेजने आणखी एक उपाय करून पाहिला. हलक्या टाकीने उडायचं आणि वर गेल्यावर दुसऱ्या विमानातून नळीने इंधन घ्यायचं. टपालाच्या सोळा फेऱ्या झाल्या, त्यातल्या पंधरा अशा; मग युद्धामुळे ते थांबलं.

६. एका उड्डाणाला किती पेट्रोल भरायचं हे कसं ठरवायचे?

आधी हवामान कार्यालयाकडून वेगवेगळ्या उंचीवरच्या वाऱ्यांचा अंदाज घ्यायचा. मग नॅव्हिगेटर मार्गाचे तुकडे पाडायचा, साधारण पाच-पाच किंवा दहा-दहा अंश रेखांशांचे, आणि प्रत्येक तुकड्यासाठी वारा, जमिनीवरचा वेग, लागणारा वेळ आणि पेट्रोल लिहायचा. त्यांच्या बेरजेत पर्यायी विमानतळापर्यंतचं पेट्रोल, तिथे घिरट्या घालायला लागणारं, आणि अंदाज चुकला तर असावं म्हणून राखीव मिळवायचं.

डीसी-७सी च्या टाक्यांत जवळजवळ ३० हजार लिटर मावायचं. त्याचं वजन सुमारे २१ टन, म्हणजे भरलेल्या विमानाच्या ६५ टनांपैकी एक तृतीयांश. तासाला पावणेदोन ते दोन हजार लिटर जळायचं, म्हणजे १३-१४ क्विंटल. म्हणून वाऱ्यामुळे प्रवास एका तासाने लांबला तर सामानासकट चौदा-पंधरा प्रवाशांच्या वजनाइतकं जास्तीचं पेट्रोल उचलावं लागायचं. धावपट्टीवरून उचलता येणाऱ्या वजनाला मर्यादा असल्यामुळे आधी माल आणि टपाल उतरायचं, आणि तरीही जमलं नाही तर प्रवासी. नाहीतर मध्ये थांबून भरायचं. हिवाळ्यात पश्चिमेकडची विमानं अर्धी रिकामी जायची, त्याचं कारण हे.

पेट्रोल जळत गेलं की विमान हलकं होतं, तेव्हा ते दोन-चार हजार फूट वर चढवायचं. सगळा प्रवास एकाच उंचीवर काढला तर पेट्रोल वाया जातं.

७. 'परतीची वेळ संपली' असा क्षण खरंच यायचा का?

यायचा, पण बहुतेक लोक दोन वेगळ्या बिंदूंची गल्लत करतात. पश्चिमेकडे जाणारं विमान घेऊ, शॅननहून गँडरला, ३,१७० किलोमीटर, आकडे प्रश्न ३ मधलेच: जाताना वेग ३७०, परतताना ५३०.

समान वेळेचा बिंदू हा असा, जिथून पुढे जायला आणि मागे यायला सारखाच वेळ लागतो. सूत्र: एकूण अंतर गुणिले परतीचा वेग, भागिले दोन्ही वेगांची बेरीज. म्हणजे ३,१७० × ५३० ÷ ९०० = सुमारे १,८६७ किलोमीटर. लक्षात घ्या, तो मध्यावर नाही, वारा जिकडून येतो तिकडे सरकलेला आहे. मध्य ओलांडून पावणेतीनशे किलोमीटर गेल्यावरही मागे फिरणंच लवकरचं ठरतं. आग, आजारी प्रवासी, इंजिन बंद, अशा वेळी निर्णय या बिंदूवरून व्हायचा.

न परतण्याचा बिंदू वेगळा. तो पेट्रोलवर ठरतो: राखीव सोडून उरलेल्या पेट्रोलमध्ये कुठपर्यंत जाऊन परत येता येईल? १२ तासांचं पेट्रोल असेल तर १२ × ३७० × ५३० ÷ ९०० = सुमारे २,६१५ किलोमीटर. त्यापुढे गेलात की मागचं विमानतळ संपलं.

खऱ्या उड्डाणात समान वेळेचा बिंदू तीन इंजिनांच्या वेगावर काढायचे, कारण तो लागणार तोच एक इंजिन गेल्यावर. शिवाय आलेखावर 'ठरवलेलं पेट्रोल' आणि 'खरं उरलेलं पेट्रोल' अशा दोन रेषा तासातासाला ओढायचे. पॅन अ‍ॅमची मंडळी या आलेखाला 'हाउगोझिट' म्हणायची. खऱ्या पेट्रोलची रेषा ठरवलेल्याच्या खाली जाऊ लागली की बिंदू यायच्या आतच निर्णय घ्यायचा.

८. खाली नुसतं पाणी असताना आपण कुठे आहोत हे कसं कळायचं?

विमानाच्या पाठीवर काचेचा छोटा घुमट असायचा. नॅव्हिगेटर स्टुलावर उभा राहून त्यातून बुडबुड्याच्या सेक्स्टंटने ताऱ्याची उंची मोजायचा. विमान हलतं, म्हणून एक वाचन पुरत नाही. सेक्स्टंट दोनेक मिनिटांची सरासरी घ्यायचा. एकमेकांपासून साधारण १२० अंशांवर असलेले तीन तारे निवडायचे. प्रत्येकाची नकाशावर एक रेषा येते. तीन रेषांचा जो त्रिकोण होतो, त्याच्या आत आपण. त्रिकोण लहान तर काम चांगलं. घड्याळ चार सेकंद चुकलं तर रेखांशात एक मिनिट चूक, म्हणजे ५० अंश उत्तरेला सुमारे सव्वा किलोमीटर. म्हणून निघण्याआधी घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळवायचं, हे काम कुणीही टाळायचं नाही.

ढगात तारे दिसत नाहीत. मग रेडिओच्या लहरींवरून जागा काढायचं लोरान, किंवा टिंब-रेघा मोजत दिशा काढायचं कॉन्सोल, आणि समुद्रात उभी असलेली हवामान जहाजं (प्रश्न १३).

हा घुमट धोक्याचाही होता. आत दाब भरलेला असताना १९४७ मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीच्या एका कॉन्स्टेलेशनचा घुमट फुटला आणि नॅव्हिगेटर बाहेर फेकला जाऊन मरण पावला. पुढे घुमटाऐवजी छतातून नळी बाहेर काढणारा पेरिस्कोपसारखा सेक्स्टंट आला.

९. हवेच्या दाबावरून दिशा ठरवायचे म्हणजे काय करायचे?

या काळातली सगळ्यात सुंदर युक्ती हीच, असं आम्हाला वाटतं. विमानात दोन उंचीमापक असतात. एक हवेचा दाब मोजून उंची सांगतो, दुसरा रेडिओची लहर पाण्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून खरी उंची. समुद्र सपाट असल्यामुळे दुसरा इथे अगदी खरा चालतो. दोघांतला फरक दर अर्ध्या तासाने लिहून ठेवायचा.

खरी उंची वजा दाबाची उंची, हा फरक वाढत गेला तर आपण जास्त दाबाकडे चाललो आहोत. उत्तर गोलार्धात त्याचा अर्थ वारा उजवीकडून येतोय आणि विमान डावीकडे वाहतंय. फरक कमी होत गेला तर उलट. किती बदल झाला, त्यावरून किती किलोमीटर वाहिलो हेही निघतं. तारे नाहीत, रेडिओ नाही, तरी आडवा वारा कळला. याच ज्ञानावर कमी दाबाच्या प्रदेशाला वळसा घालून पाठचा वारा पकडायचे. नकाशावर रस्ता लांब दिसायचा, पण वेळ कमी लागायचा.

१०. इंजिन हवेत बंद पडायचं का?

पडायचं, आणि आजच्या मानाने फार वेळा. बोइंगच्या स्ट्रॅटोक्रूझरच्या प्रत्येक इंजिनाला २८ सिलिंडर, प्रत्येकात दोन स्पार्क प्लग. चार इंजिनांचे मिळून २२४. डीसी-७सी आणि स्टारलायनर यांच्या १८ सिलिंडरच्या इंजिनांचे १४४. त्यांच्यात निकामी झालेला एखादा प्लग, चिरलेला सिलिंडर, किंवा बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर चालणाऱ्या तीन छोट्या टर्बाइनपैकी एखादी, यातलं काहीही बिघडू शकायचं. रात्री खिडकीतून दिसणाऱ्या निळसर ज्वाळा मात्र नेहमीच्याच.

फ्लाइट इंजिनिअरचं अर्धं काम बिघाड आधी ओळखण्याचं. त्याच्यासमोर एक छोटा पडदा असायचा, त्यावर प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगीची रेघ उमटायची. रेघेचा आकार बदलला की कुठला प्लग मरतोय ते उड्डाणातच कळायचं आणि उतरल्यावर तेवढाच बदलायचा. तेलाकडेही सारखं लक्ष, कारण ही इंजिनं तेल पीत असत. टाकीतलं तेल संपलं की इंजिन तर जातंच, शिवाय पाती वळवून पंखा थांबवायलाही बऱ्याच पंख्यांना इंजिनाचंच तेल लागायचं.

बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहिला तर तो प्रचंड ब्रेकसारखा काम करतो. म्हणून पाती वाऱ्याला धारेवर वळवून पंखा थांबवायचा. तीन इंजिनांवर विमान उंची थोडी सोडून नीट उडतं. पाती वळलीच नाहीत आणि पंखा बेफाम फिरू लागला, तर तो सगळ्यात वाईट प्रसंग. प्रश्न १३ मधलं १९५६ चं विमान त्यानेच गेलं.

११. इंजिन सुरू करताना पाती मोजायचे आणि मग पांढरा धूर यायचा. हे का?

इंजिन गोल असल्यामुळे खालचे सिलिंडर उलटे असतात आणि उभं असताना तेल झिरपून त्यांत साठतं. तेल दाबलं जात नाही. तसंच इंजिन पेटवलं तर दांडा वाकतो किंवा सिलिंडरच तुटतो. म्हणून आधी ठिणगी बंद ठेवून पंखा हळू फिरवायचा आणि खिडकीसमोरून ठरलेल्या संख्येइतकी पाती गेली की मगच ठिणगी द्यायची. पंखा मध्येच अडला तर जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढून तेल गाळायचं. उलटा फिरवून सोडवणं ही चूक आहे. तेल आत येणाऱ्या नळीत ढकललं जातं आणि सुरू होताना परत ओढलं जातं. धूर म्हणजे उरलेलं तेल जळणं. तो अर्ध्या मिनिटात विरला नाही तरच काळजी.

१२. बर्फ धरला तर?

ही विमानं बहुतेक ढगांतूनच जायची, त्यांच्या वरून नाही. पात्यांवर बर्फ धरला की अल्कोहोल सोडायचे आणि तुकडे सुटून खिडक्यांच्या बाजूला धडाधड आपटायचे. प्रवासी घाबरायचे, पण त्याचा अर्थ यंत्रणा चालू आहे एवढाच. पंखांच्या कडेला रबरी पट्टे फुगवून बर्फ फोडायचे. डीसी-६ पासूनच्या डग्लस विमानांत त्याऐवजी गरम हवा होती. खरा धोका कार्ब्युरेटरचा. तिथे बर्फ जमला की इंजिन कुरकुर न करता हळूहळू ताकद सोडतं. उपाय गरम हवा, पण ती घेतली की ताकद कमी होते आणि पेट्रोल जास्त जळतं. म्हणून हे नुकसान प्रश्न ६ मधल्या राखीव पेट्रोलातच धरलेलं असायचं.

१३. एखादं विमान खरंच मध्य समुद्रात उतरलं का? त्यांचं काय झालं?

हो. १४ ऑक्टोबर १९४७ ला 'बर्म्युडा स्काय क्वीन' हे बोइंग ३१४ फॉइन्सहून गँडरला निघालं होतं. समोरचा वारा अंदाजापेक्षा फार जोराचा निघाला आणि पेट्रोल पुरणार नाही हे लक्षात आलं. पुढे गँडर हाताशी नाही, मागेही नाही. वैमानिकाने वाटेतल्या हवामान जहाजाकडे, अमेरिकन तटरक्षक दलाच्या 'बिब'कडे, विमान वळवलं आणि त्याच्याजवळ खवळलेल्या समुद्रात उतरवलं. ६२ प्रवासी आणि ७ कर्मचारी असे ६९ जण तराफ्यांतून आणि होड्यांतून जहाजावर आणले गेले. सगळे वाचले. प्रश्न ३ आणि ७ मधला हिशोब चुकला तर काय होतं, त्याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

ही जहाजं तिथे योगायोगाने नव्हती. १९४६ च्या करारानुसार उत्तर अटलांटिकमध्ये तेरा ठिकाणं ठरली आणि पुढे ती नऊ झाली. जहाज आपल्या चौकोनात फिरायचं, हवामानाचे फुगे सोडायचं, रडारने विमानाला जागा सांगायचं, आणि त्याचा रेडिओ बीकन चौकोनाच्या कुठल्या घरात जहाज आहे तेही अक्षरांत कळवायचा.

पॅसिफिकवरचं १६ ऑक्टोबर १९५६ चं पॅन अ‍ॅमचं स्ट्रॅटोक्रूझर हे दुसरं उदाहरण. एक पंखा बेफाम झाला, दुसरं इंजिन ढेपाळलं. 'पाँचारट्रेन' या जहाजाभोवती रात्रभर घिरट्या घालून, पेट्रोल जाळून, उजाडल्यावर विमान पाण्यावर उतरवलं. आधीच्या अपघातात शेपूट तुटलेली माहीत असल्याने मागचे प्रवासी पुढे हलवले होते. शेपूट तुटलीच. ३१ पैकी ३१ वाचले.

१४. आत बसायला कसं असायचं? झोप लागायची का?

गोंगाट आणि थरथर दोन्ही भरपूर. पंख्यांच्या सरळ रेषेतल्या रांगा सगळ्यात वाईट, मागची बाजू शांत. म्हणून त्या काळात पहिल्या वर्गाची जागा बऱ्याचदा शेपटीकडे असायची आणि स्वस्त वर्ग पुढे. जेट आल्यावर हे उलटलं. डीसी-७सी मध्ये पंख मधोमध वाढवून इंजिनं दीड मीटर बाहेर सरकवली, त्याने आवाज बराच कमी झाला.

डीसी-४ मध्ये दाब भरलेला नव्हता. आठ-दहा हजार फुटांवर डोकं जड व्हायचं, कान दुखायचे, उलट्या व्हायच्या. कॉन्स्टेलेशनपासून आत दाब आला. स्ट्रॅटोक्रूझरमध्ये गोल जिना उतरून खालच्या मजल्यावर बसायची खोली होती, आणि जास्तीचे पैसे भरून भिंतीतून खाली ओढायचे बिछाने मिळायचे. धूम्रपान सगळीकडे चालायचं. जुन्या जाहिरातींतला थाट खरा होता, पण तो थोड्यांसाठी होता. बाकीचे लोक बसून, अवघडून, चौदा तास काढायचे.

१५. तिकीट किती होतं? आपल्या रुपयांत?

१९३९ मध्ये क्लिपरचं एका बाजूचं ३७५ डॉलर, जाऊन-येऊन ६७५. १ मे १९५२ ला 'टूरिस्ट' वर्ग सुरू झाला तेव्हा न्यूयॉर्क-लंडन जाऊन-येऊन पहिल्या वर्गाचं ७११ डॉलर होतं आणि टूरिस्टचं ४८६. तेव्हा डॉलर ४.७६ रुपयांच्या भावाचा होता, म्हणजे अनुक्रमे सुमारे ३,३८० आणि २,३१० रुपये. टूरिस्टमध्ये एका रांगेत चारऐवजी पाच खुर्च्या. १ एप्रिल १९५८ ला त्याहूनही स्वस्त 'इकॉनॉमी' आला. याच सुमारास विमानाने अटलांटिक ओलांडणारे लोक बोटीने जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाले.

१६. सामान किती नेता यायचं? प्रवाशांचंही वजन करायचे का?

पहिल्या वर्गाला ३० किलो, टूरिस्टला २०. सुरुवातीच्या वर्षांत प्रवाशालाही काट्यावर उभं करायचे. कारण प्रश्न ६ मध्ये आहे. अवघड वाटणाऱ्यांसाठी काटा असा ठेवलेला असे की आकडा फक्त कारकुनाला दिसेल.

१७. सँडविचवरून विमान कंपन्यांचं भांडण झालं होतं, हे खरं का?

खरं. इकॉनॉमीत गरम जेवण द्यायचं नाही, फक्त सँडविच, असा कंपन्यांच्या संघटनेचा, आयाटाचा, नियम होता. भाडं सगळ्यांचं सारखंच असल्याने स्पर्धा जेवणात व्हायची. स्कँडिनेव्हियातल्या एसएएस कंपनीने एकाच पावावर मांस-मासे-भाज्या रचून ताटभर सँडविच दिलं. पॅन अ‍ॅमने तक्रार केली. सँडविच साधं, थंड आणि स्वस्त असावं असा निर्णय झाला आणि एसएएसला दंड बसला.

१८. वेळापत्रकात 'नॉनस्टॉप' आहे, पण प्रवासी म्हणतात गँडरला उतरलो. कोण चुकतंय?

दोघंही बरोबर. वेळापत्रक सरासरी वाऱ्यासाठी असतं. त्या रात्री वारा वाईट असला तर गँडरला थांबणं हा ठरलेला पर्याय होता. पहिल्या जेटनाही हे चुकलं नाही: २६ ऑक्टोबर १९५८ चं पॅन अ‍ॅमचं पहिलं ७०७ पॅरिसला जाताना गँडरला पेट्रोल भरून गेलं.

१९. ब्रिटानिया जेट की पंख्याचं? आणि १९५८ नंतर कोण पंख्याचं विमान उडवत होतं?

ब्रिस्टल ब्रिटानिया दोन्ही. आत जेटसारखं टर्बाइन, ते पंखा फिरवतं, रॉकेलसारखं इंधन घेतं. बीओएसीने १९ डिसेंबर १९५७ ला लंडन-न्यूयॉर्क सुरू केलं. एका वर्षाच्या आत जेट आल्यामुळे या उत्तम विमानाचं नशीब आखूड ठरलं.

सगळ्यात उशिरापर्यंत टिकली ती आइसलँडची लॉफ्टलेइडिर. ती आयाटाची सभासद नव्हती, त्यामुळे रेक्याविकमार्गे न्यूयॉर्क-लक्झेंबर्ग भाडं स्वस्त ठेवू शकली. डीसी-६बी आणि १९६४ पासून टर्बोप्रॉप (ब्रिटानियासारखं टर्बाइनने पंखा फिरवणारं) सीएल-४४, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. पैसे कमी आणि वेळ भरपूर असलेल्या विद्यार्थ्यांनी ही विमानं भरलेली असायची.

२०. आमचे आजोबा पन्नाशीच्या दशकात मुंबईहून अमेरिकेला विमानाने गेले. कुठल्या विमानाने गेले असतील?

लंडनपर्यंत बहुधा एअर इंडिया इंटरनॅशनल. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं आणि १९५४ पासून सुपर कॉन्स्टेलेशन आली. पण अटलांटिकवर एअर इंडिया पंख्याच्या विमानाने कधी गेली नाही. तिची न्यूयॉर्क सेवा १४ मे १९६० ला थेट ७०७ ने सुरू झाली. त्यामुळे समुद्राचा टप्पा बीओएसी, पॅन अ‍ॅम किंवा टीडब्ल्यूएने. टीडब्ल्यूए १९४७ पासून मुंबईला यायची, तेव्हा सगळा प्रवास तिच्यानेही झाला असेल.

फोटो असेल तर असं ओळखा. शेपटीला तीन उभे पंख: कॉन्स्टेलेशनचं घराणं. खिडक्या गोल तर जुनं, चौकोनी तर सुपर किंवा स्टारलायनर. दोन मजली फुगीर पोट आणि काचेचं बोथट नाक: स्ट्रॅटोक्रूझर. एकच शेपटी असेल तर डग्लस: गोल खिडक्या डीसी-४, चौकोनी खिडक्या आणि तीन पात्यांचे पंखे डीसी-६बी, चार पात्यांचे डीसी-७. तिकिटाची कार्बन लागलेली प्रत सापडली तर त्यावरचा कंपनीचा कोड आणि उड्डाण क्रमांक सगळ्यात भरवशाचा.

२१. यातलं एखादं विमान आज बघता येईल का?

बोइंग ३१४ एकही उरलेलं नाही; आयर्लंडमध्ये फॉइन्सच्या संग्रहालयात पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, आत फिरून बिछाने आणि स्वयंपाकघर पाहता येतं. ब्रिटानिया इंग्लंडमधल्या डक्सफर्डला. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर टीडब्ल्यूए हॉटेलसमोर एक स्टारलायनर उभं आहे. त्यात आता बार आहे, पण चालकांची खोली जपलेली आहे. प्रवासी स्ट्रॅटोक्रूझर पूर्ण स्वरूपात कुठे नाही, मात्र त्याचंच लष्करी भावंड केसी-९७ अमेरिकेतल्या अनेक संग्रहालयांत आहे. पोट आणि नाक तेच असल्यामुळे स्ट्रॅटोक्रूझर केवढं होतं, ते त्याच्या पोटाखाली उभं राहिलं की समजतं.